पाण्यात बसलेला जावई

दिवस भाऊबीजेचा. भाडं दोन कायाकचं, दोन तासांसाठी पाचशे रुपये, आगाऊ भरलेलं. हजर माणसं चार: माझे बाबा, माझी आई, मी आणि कायाकवाला राजू. कारण विचारलं तेव्हा बाबांनी सांगितलं, मनोरंजन. हा शेवटचा तपशील सोडला तर बाकी सगळं जसंच्या तसं खरं आहे.

आम्ही तेव्हा मध्य प्रदेशातल्या बालाघाटात एका राइस मिलच्या मागच्या गल्लीत राहत होतो. बाबा त्याच मिलमध्ये मुनीम होते. मिलचा घरघराट आमच्या घरात इतका मुरलेला होता की तो चालू असताना आम्हाला ऐकू यायचा नाही आणि बंद पडला की आईची झोप मोडायची. कोंड्याची बारीक भुकटी खिडकीतून यायची आणि उन्हात घातलेल्या पापडांवर, धुतलेल्या चादरींवर, कधी कधी वाढलेल्या भातावरही बसायची. बाबा म्हणायचे, तांदळावर तांदळाचंच पडलं, त्यात बिघडलं काय. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला आकड्यांची आवड आहे असं सगळे समजत होते. खरं तर मला बाबांचा स्वभाव मिळाला होता. मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे आणि बोललेलं फिरवता येत नसे. किराणेवाल्याने चुकून आठ आणे जास्त दिले तर ते जेवण अर्धं टाकून परत द्यायला जायचे. अशा माणसाबरोबर राहणं फार सुरक्षित असतं आणि थोडं गैरसोयीचं. त्यांनी एकदा एखादी गोष्ट म्हटली की ती घरात कपाटासारखी उभी राहायची. तिला वळसा घालूनच सगळ्यांनी चालायचं.

असं एक कपाट चार वर्षांपासून आमच्या घरात उभं होतं. आईचं माहेर वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर, पुलावरून गेलं तर मोटारसायकलने अर्ध्या तासाच्या वाटेवर. तिथे माझ्या मामांच्या मुलीचं लग्न झालं. मामा आईचे मोठे भाऊ. लग्नात त्यांनी कोठीची किल्ली बाबांच्या हाती दिली. आमच्याकडच्या लग्नात कोठी म्हणजे सगळं: तेल, साखर, रवा, बुंदी, पत्रावळी. ती सांभाळायला असा माणूस लागतो जो एक लाडू खाणार नाही आणि दुसऱ्याला खाऊ देणार नाही. मामांनी योग्य माणूस निवडला होता. बाबा दोन दिवस कोठीच्या दाराशी स्टूल टाकून बसले. वाढपी त्यांना घाबरून बुंदी मागायलाही दोघं दोघं मिळून यायचे.

तिकडे मांडवात माइकवरून जावयांची नावं पुकारली गेली. एकेक जावई पुढे गेला, त्याला शेला आणि टोपी मिळाली, फोटो निघाला. गोंदियाचे आमचे मावसे, जे आदल्या रात्री कोठीतून चोरून काजू मागत होते, त्यांनी तर टोपी दोनदा घालून दोनदा फोटो काढला. बाबांचं नाव पुकारलं गेलं नाही. ते कोठीत होते. कोणाच्या मनात पाप नव्हतं. ते घरचे होते म्हणून कोठीत होते आणि घरच्या माणसाचा सत्कार करायचं कोणाला सुचलं नाही. बाबांनी पंगती उठेपर्यंत काम केलं, उरलेले लाडू मोजून मामींच्या ताब्यात दिले, किल्ली दिली आणि घरी येऊन हात धुता धुता म्हणाले, "त्या गावात मी आता पाय ठेवणार नाही."

आईला त्यांनी कधी जाऊ नको म्हटलं नाही. आईनेही कधी विचारलं नाही. नवऱ्याशिवाय माहेरी गेलं की गाव चार प्रश्न विचारतं आणि चारही प्रश्नांची उत्तरं नवऱ्याच्या विरुद्ध जातात, हे तिला माहीत होतं. मामाही आले नाहीत. जावयाला समजवायला जायचं तर चूक कबूल करावी लागते आणि मामांच्या मते चूक झालीच नव्हती. मग दर भाऊबीजेला आई संध्याकाळी अंगणात पाट मांडायची आणि ज्यांना भाऊ नसतो त्या बायका करतात तसं चंद्राला ओवाळायची. बाबा त्या वेळी घरात नसत. त्यांना मिलमध्ये नेमकं काम निघायचं. चंद्र नात्याने बरा असतो, पण तो ताटात काही टाकत नाही आणि घरचे कसे आहेत हेही विचारत नाही.

त्या वर्षी दसऱ्याला बातमी आली की मामा दिवाळीनंतर रायपूरला मुलाकडे कायमचे जाणार. शेती ठेक्याने दिली, बैल विकले, घराला कुलूप लागणार. बातमी आणणारा चहा पिऊन गेला. आईने कपबशा विसळल्या आणि ती अनारशाचं पीठ कालवायला बसली. पीठ दरवर्षीच्या दुप्पट होतं. बाबांनी पाहिलं. मीही पाहिलं. आई पुढचे आठ दिवस तळत राहिली. करंज्या, अनारसे, शेव, चिवडा, शंकरपाळे. आम्ही तिघंच खाणारे आणि डबे संपले म्हणून तिने पाहुण्यांसाठी ठेवलेला पाण्याचा पिंपही रिकामा करून घेतला. मिलचा आवाज बंद झाला की जशी ती जागी व्हायची, तसे बाबा आता झाऱ्याच्या आवाजाने जागे राहू लागले.

त्याच सुमारास नदीवर, बंधाऱ्याच्या वर जिथे पाणी तळ्यासारखं साचतं, तिथे राजूने आपला धंदा मांडला होता. गोव्याला हॉटेलात नोकरी करून आलेला पंचविशीचा पोरगा. चार नारिंगी प्लास्टिकच्या लांबट होड्या, काही लाइफ जॅकेट आणि झाडाला बांधलेला फलक: बालाघाट में पहली बार कायाकिंग. गावातले लोक येत, होडीत बसलेल्याचा फोटो काढत आणि न बसता परत जात. बाबा तिथे लागोपाठ तीन संध्याकाळी गेले. तिसऱ्या संध्याकाळी मी सोबत होते, म्हणून पुढचं बोलणं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"कुठवर जाऊ देता?" बाबांनी विचारलं.

"अंकल, वो लाल झंडी दिख रही है ना, बस वहाँ तक. उसके आगे नहीं."

बाबांनी झेंडीकडे बराच वेळ पाहिलं. "झंडी कोणं लावली?"

"मैंने."

"सरकारनं नाही?"

"सरकार को तो पता भी नहीं है अंकल."

"मंग वरच्या अंगाले लाव. पलीकडच्या घाटाच्या थोडी पुढे."

राजू हसला. बाबा हसले नाहीत. झेंडी ओलांडणं त्यांना जमणार नव्हतं, कारण नियम तो नियम. झेंडी हलवणं मात्र नियमात बसत होतं, लावणाऱ्याच्या संमतीने. त्यांनी नव्या बांबूचे पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी झेंडी आईच्या माहेरच्या घाटापुढे गेली.

भाऊबीजेच्या सकाळी बाबांनी चहा पिताना जाहीर केलं की आज मिलला सुट्टी आहे, नदीवर कायाक आल्या आहेत आणि आपण मनोरंजनाला जाऊ. हा शब्द आमच्या घरात त्याआधी कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. आईने चहाचं भांडं खाली ठेवलं.

"कुठी?"

"पाण्यावर. वरच्या अंगाले. हवा चांगली असते मनतात."

आईने एवढंच विचारलं, "डबा घेऊ का?"

"घे ना. मनोरंजनात भूक लागते."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती आणि तिच्या हातात दोन मोठे डबे आणि एक कापडात बांधलेलं तबक होतं. बाबांनी तबकाकडे पाहिलं नाही. इतक्या लक्षपूर्वक न पाहणारा माणूस मी नंतर कधी पाहिला नाही.

राजूने मात्र पाहिलं. साडीवर लाइफ जॅकेट चढवताना तो म्हणाला, "आंटी, ये दीया भी पिकनिक का सामान है?"

"हौ. अंधार पडला तं."

सकाळचे दहा वाजत होते.

दोन सीटच्या कायाकमध्ये पुढे आई, मागे बाबा, मध्ये डबे. एका सीटच्या कायाकमध्ये मी. मला आयुष्यात पहिल्यांदा आपण एखाद्या करंजीत बसलोय असं वाटलं. तितकीच निमुळती आणि तितकंच पोट. वल्हं दोन्ही टोकांना पात्यांचं. राजूने काठावरून शिकवलं की उजवीकडे जायचं तर डावीकडे मारा. बाबांना हे पटलं नाही. उजवीकडे जायचं तर उजवीकडेच जोर लावला पाहिजे, असा त्यांचा हिशोब. त्यामुळे त्यांची कायाक त्याच जागी दोनदा गोल फिरली. आई डबे धरून समोर बघत होती. तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा ती न वळता म्हणाली, "अजी, तो पोरगा सांगून राह्यला तसं करा. नाहीतं आपलं मनोरंजन इथंच होते."

नंतर सरळ जमलं. पाणी थंड होतं आणि हिरवट, काठाच्या शेतांत धान कापून पडलेलं होतं, त्याचा ओलसर गोड वास पाण्यावरून येत होता. आई लहानपणी डोंग्यातून हीच नदी ओलांडून शाळेत जायची, त्यामुळे ती सरावाने बसली होती. आम्ही दोघं मात्र चहाच्या कपातल्या माशीसारखे धडपडत होतो. बाबा मधूनच वल्हं थांबवून म्हणायचे, "वा. किती छान." मग पुन्हा वल्हवायचे. कारण म्हणून मनोरंजन सांगितलं होतं, तेव्हा थोडं तरी करणं भाग होतं. खोटं बोललो असं व्हायला नको.

घाटावर बायका कपडे धूत होत्या. त्यांतली एक उठून उभी राहिली आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "सुमन होय का वं?"

"हौ वं, सुमनच."

"कायच्यात बसून आली तू?"

आई पायऱ्यांवर उतरली, तेव्हा तिच्या साडीचा काठ भिजला आणि ती तो न पिळताच उभी राहिली. मी माझी होडी पायरीवर ओढली. बाबा हलले नाहीत. त्यांनी कायाकची दोरी बाभळीच्या मुळाला बांधली, वल्हं मांडीवर आडवं घेतलं आणि म्हणाले, "तुमी दोघी या जाऊन. मी इथं हवा खातो."

मामांच्या घरी ओसरीवर दोऱ्यांनी बांधलेल्या पेट्या ठेवल्या होत्या. मामी आईला पाहून दारातच रडायला लागल्या. मामा रडले नाहीत. ते खुर्चीवर बसून होते, उंच, रुंद, मिशा पिकलेल्या, आणि ते बहिणीकडे असे पाहत होते जणू ती कालच येऊन गेली होती.

"कोणासंग आली?"

"ह्यांच्यासंग."

"कुठी हायेत?"

"पाण्यात."

"पाण्यात काहून?"

"ते मनतात, गावात पाय नाही ठेवत."

मामींनी डोळे पुसणं थांबवलं. आईने पाट मागितला. हे महत्त्वाचं काम आधी उरकून घ्यावं, मग जे भांडण व्हायचं ते होवो, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मामांनी पाट उचलला आणि काखेत मारला.

"जवाई नदीत उपाशी बसला, अन् मी इथं पाटावर बसून ओवाळून घेऊ? लोकं काय मनतीन?"

"दादा, तुमी त्याइच्याशी भांडसान."

"भांडीन तं भांडीन. पण तोंडावर भांडीन."

मामा घाटाकडे निघाले आणि आई त्यांच्या मागे जवळजवळ धावत होती. ओवाळणी घरात झाली असती तर झाली असती. घाटावर दोघं पुरुष समोरासमोर आले की ती होईलच याची खात्री नव्हती, आणि पुढच्या वर्षी ओवाळायला हे घर उघडं असणार नव्हतं.

आम्ही घाटावर पोचलो तर तिथे जत्रा. बातमी आमच्या आधी गावात फिरली होती. गावाचा जावई नदीत बसला आहे आणि उतरत नाही, असं प्रत्येकाने प्रत्येकाला सांगितलं होतं. पायऱ्यांवर पोरं बसली होती. म्हातारे काठी टेकत येऊन "राम राम जवाईबापू" म्हणत होते आणि बाबा बसल्या जागी हात जोडत होते. हात जोडले की कायाक डुलायची, मग ते घाईने वल्हं धरायचे. बायका गुडघाभर पाण्यात शिरून ताटं देत होत्या. कायाकमध्ये, जिथे आई बसली होती तिथे, उडदाचे वडे, नव्या तांदळाची खीर, कोणाकडच्या करंज्या, कोणाकडचे लाडू असं सगळं मांडलेलं होतं. मांडवात ज्याला एक हाक मिळाली नव्हती त्याला नदीत अख्खं गाव रांगेने वाढत होतं. बाबा प्रत्येकाला सांगत होते, "सहजच आलतो. मनोरंजनाले." कोणी हसत नव्हतं. गावाला अशा गोष्टी समजतात.

मामांनी पाट शेवटच्या पायरीवर टेकवला आणि त्यावर बसले. त्यांचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेले.

"काय जवाईबापू."

"काय दादा."

"वर या."

"इथं बरं हाये."

"कोठीची किल्ली मी पोटच्या पोराले नाही देली. तुमाले देली."

"किल्ली देली. हाक नाही देली."

"घरच्या माणसाले माइकवरून हाक मारते का कोणी?"

"माराव लागते," बाबा म्हणाले. "घरचा माणूस कोठीत असते. त्याले आयकू येत नाही."

मामांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना उत्तर सुचलं असतं, ते बोलणारे गृहस्थ होते. पण मध्येच आई म्हणाली, "वारा सुटून राह्यला. दिवा इझला तं मी पुन्हा नाही लावत. तुमचं चार वर्षांचं हाये, ते मंग करा. माझं आजचं हाये."

ती इतक्या मोठ्याने कधी बोलत नसे. तिने मामांच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी फिरवली आणि ओवाळू लागली. वाऱ्याने कायाक फिरायला लागली, बाभळीच्या मुळाची गाठ सुटली होती. बाबांना गाठी मारता यायच्या नाहीत, मिलमध्ये ते काम हमालांचं. दोरी पाण्यावरून निघाली तशी मामांनी ओवाळून घेता घेताच डाव्या हाताने ती पकडली आणि मनगटाला दोन वेढे दिले. आई ओवाळत होती, मामा समोर बघत होते, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला बाबा मांडीवर खिरीची वाटी सांभाळत बसले होते. ओवाळून झाल्यावरही मामांनी दोरी सोडली नाही.

मग आई मामांच्या घरात गेली आणि दुपारभर तिथेच राहिली. दोन तास केव्हाच उलटले. मामा पाटावर बसून बाबांशी बोलत होते. धानाचा भाव, ठेकेदाराने कबूल केलेली पोती, रायपूरच्या फ्लॅटला अंगण नाही, सून पोळी करते पण भात फडफडीत होत नाही. बाबा मधूनमधून आकडे दुरुस्त करत होते. एकदा बाबांनी मामांकडून दोरी मागून घेतली, मला खुणेने बोलावलं आणि नदीच्या मधल्या खडकापर्यंत सोबत यायला सांगितलं. इतका फराळ आणि इतकं पाणी झाल्यावर माणसाला कुठेतरी उतरावं लागतंच. मी पाठ करून माझी कायाक धरून थांबले. आम्ही परत आलो तेव्हा मामा म्हणाले, "तो खडक बी आमच्याच शिवेत येते, जवाईबापू."

"नदी सरकारी खसऱ्यात हाये," बाबा म्हणाले. "मी पटवाऱ्याचा कागद पाहून ठेवला."

आज माझी मुलगी पुण्याहून भावाला मोबाइलच्या पडद्यावर ओवाळते. ओवाळणी त्याच क्षणी तिच्या खात्यात जमा होते आणि तसा आवाजही येतो. दोघांचं उत्तम चाललं आहे, कोणाचं कोणाशी वाकडं नाही. मला तक्रार करायला जागा नाही. फक्त त्यांच्यापैकी कोणी कधी इतक्या लांबून वळसा घालून येईल का, असं मनात येतं. आणि यावं लागू नये, असंही.

त्या दिवशी ऊन कलायला लागलं तेव्हा राजू स्वतः कायाक हाणत आला. तो घाबरला होता. त्याला वाटलं आम्ही बुडालो. घाटावरचं दृश्य पाहून त्याची भीती गेली आणि राग आला. "अंकल, दो घंटे का बोला था. चार घंटे हो गए. दो घंटे का और लगेगा." मामींनी त्याच्या हातात वड्यांचं ताट दिलं, पण त्याने खाता खाताही रक्कम पुन्हा सांगितली. पाचशे.

बाबांनी खिशात हात घातला. मामा म्हणाले, "राहू द्या. बहीण भाऊबीजेले येते, तिचा येण्याजाण्याचा खर्च माहेरचा असते. आधीचे पाचशे बी मीच देतो."

आई डबे घेऊन पायरीवर थांबली. डबे रिकामे नव्हते; मामींनी ते पुन्हा भरले होते. सगळे बाबांकडे पाहत होते. हे पैसे मामांनी देणं म्हणजे ही माहेरची भेट होती, असं बाबांनी दहा माणसांसमोर कबूल करणं.

बाबांनी वल्हं आडवं ठेवलं आणि नेहमीसारखा शांतपणे हिशोब केला. "येतानी आमी मनोरंजनाले आलतो. ते पाचशे माझे. ते मी देले." मग त्यांनी आईकडे पाहिलं. "जातानी ती माहेराहून चालली. ते तुमचे."

मामांनी राजूला पाचशे रुपये दिले. बाबांनी खिशातला हात बाहेर काढला.